पैसा दुसऱ्यांचा, चित्रपट आपला



व्याख्यानमालांच्या व्यासपीठांवरून लेखकांबद्दल, गायकांबद्दल, नटांबद्दल, दिग्दर्शकांबद्दल भरभरून बोललं जातं. चित्रपटाच्या निर्मात्याबद्दल क्वचितच कोणी बोलतं. त्याला कारण आहे. नटाचा चेहरा पडद्यावर दिसतो, गायकाचा आवाज कानात राहतो, दिग्दर्शकाची नजर जाणत्या प्रेक्षकाला ओळखता येते. निर्मात्याचं काम कुठे दिसतं? ते करारात असतं, पत्रव्यवहारात असतं, रात्री उशिरा केलेल्या फोनमध्ये असतं. चित्रपट चांगला झाला की ते पुसलं जातं आणि वाईट झाला की खापर मात्र त्याच्या डोक्यावर फुटतं.

शिवाय आपल्या मनात एक समजूत घट्ट बसली आहे, की निर्माता म्हणजे पैसेवाला. आज मला ही समजूत मोडायची आहे. ज्याच्याकडे पैसा असतो तो फायनान्सर. निर्मात्याकडे, विशेषतः कुठल्याही स्टुडिओच्या आश्रयाला नसलेल्या स्वतंत्र निर्मात्याकडे, बहुतेक वेळा पैसा नसतोच. तो दुसऱ्यांचा पैसा आणतो आणि त्या पैशाबरोबर येणारी दुसऱ्यांची मर्जी दाराबाहेर ठेवतो. त्याच्या कामाचा हा दुसरा भाग फार अवघड आहे. पैसा आणणारे पुष्कळ भेटतात. मर्जी बाहेर ठेवणारे किती?

अशा निर्मात्यांपैकी आज मी ज्यांना निवडलं आहे ते मुंबईत जन्मले आणि मुंबईतच मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानात त्यांचं दफन झालं. मधली चव्वेचाळीस वर्षं त्यांनी न्यूयॉर्क, लंडन, दिल्ली, फ्लॉरेन्स अशा ठिकाणी चित्रपट उभे करण्यात घालवली. त्यांचं नाव इस्माईल मर्चंट. ‘मर्चंट-आयव्हरी’ ही जोडी तुमच्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. त्यातले आयव्हरी दिग्दर्शक, म्हणून त्यांच्याबद्दल लिहिलं गेलं. मी मर्चंटांबद्दल बोलणार आहे.

त्यांचा जन्म २५ डिसेंबर १९३६चा. वडील कापडाचे व्यापारी. फाळणीच्या आधी ते मुंबईत मुस्लिम लीगचं काम करत होते, तरी फाळणी झाल्यावर पाकिस्तानात जायला त्यांनी नकार दिला. दंगलींचे दिवस या मुलानं दहा-अकरा वर्षांचा असताना पाहिले. त्याच सुमारास अभिनेत्री निम्मी यांच्याशी त्याची ओळख झाली आणि त्यांच्याबरोबर तो स्टुडिओत जाऊ लागला. १९४९ साली ‘बरसात’च्या पहिल्या खेळाला निम्मींच्या गाडीत बसून गेलो आणि वरून फुलांचा वर्षाव झाला, ही आठवण ते पुढे आयुष्यभर सांगत. चित्रपटाचं वेड तिथून लागलं असं म्हणायला हरकत नाही. पण वेड लागलेली मुलं मुंबईत गल्लोगल्ली होती. या मुलाचं वेगळेपण सेंट झेवियर्स कॉलेजात दिसलं. तिथे त्यानं नाच-गाण्यांचे कार्यक्रम बसवले, तिकिटं खपवली आणि त्यातून अमेरिकेत शिकायला जाण्याचे पैसे उभे केले. रंगमंचावर उभं राहण्यापेक्षा रंगमंच उभा करण्यात त्याला रस होता.

१९५८ साली ते न्यूयॉर्कला गेले ते व्यवस्थापन शिकायला. पोटासाठी संयुक्त राष्ट्रांच्या कचेरीत निरोप्याचं काम धरलं. कागद घेऊन एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायचं. आता बघा, हे काम करणारा दुसरा कोणी कागद देऊन परत आला असता. हे गृहस्थ भारतीय प्रतिनिधींना गाठून आपल्या चित्रपटात पैसे घालायला सांगत! ‘द क्रिएशन ऑफ वूमन’ हा त्यांनी निर्मिलेला चौदा मिनिटांचा लघुपट १९६१ साली ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचला. वय वर्षं चोवीस.

त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये त्यांना जेम्स आयव्हरी भेटले. आयव्हरींनी भारतीय लघुचित्रांवर एक माहितीपट केला होता, त्याच्या खेळाच्या निमित्तानं ही भेट झाली. दोघांनी मिळून कंपनी काढली आणि ठरवलं की भारतात इंग्रजी चित्रपट करायचे आणि ते जगभर दाखवायचे. दोघं कामातही सोबती होते आणि आयुष्यातही. पुढे दिल्लीत त्यांना तिसरी व्यक्ती मिळाली, रूथ प्रवर झाबवाला. जर्मनीत जन्मलेल्या, नाझींच्या छळामुळे लहानपणी इंग्लंडला आलेल्या या ज्यू लेखिकेनं पारशी वास्तुविशारदाशी लग्न करून दिल्लीत संसार मांडला होता. तिच्या ‘द हाउसहोल्डर’ या कादंबरीवर चित्रपट करायचा म्हणून मर्चंटांनी फोन केला, तर तिनं आपण सासूबाई बोलत असल्याचं भासवून तो टाळायचा प्रयत्न केला, असं सांगतात. टाळलेला माणूस परत आला आणि चाळीस वर्षं तिच्याकडून पटकथा लिहून घेत राहिला. त्यातल्या दोन पटकथांना ऑस्कर मिळालं. बुकर आणि ऑस्कर हे दोन्ही सन्मान मिळवणारी आजवरची ती एकमेव व्यक्ती.

‘द हाउसहोल्डर’ १९६३ साली आला. शशी कपूर आणि लीला नायडू हे नवरा-बायको, आणि नायकाची आई कोण? आपल्या दुर्गाबाई खोटे. छायाचित्रण सत्यजित राय यांचे छायाचित्रकार सुब्रत मित्र यांचं. संकलन जमेना तेव्हा स्वतः राय मदतीला बसले. दिग्दर्शकाचा हा पहिला कथापट, लेखिकेची पहिली पटकथा, निर्मात्याचाही पहिलाच मोठा चित्रपट. असा चित्रपट जगात विकणार कसा?

इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण मर्चंटांच्या बुद्धीचा खरा नमुना इथे आहे. त्या काळात हॉलिवूडच्या कंपन्यांचे चित्रपट आपल्या शहरांत जोरात चालत. मेट्रो, इरॉस, रीगल ही थिएटरं आठवा. तिकिटांचे रुपये जमत, पण परकीय चलनावर सरकारचे कडक निर्बंध होते. कमाईचा मर्यादित हिस्साच त्या कंपन्यांना डॉलर करून मायदेशी नेता येई. उरलेले रुपये इथल्याच खात्यांत पडून राहत. कंपनीच्या वहीत ती रक्कम दिसायची, हाताला मात्र लागायची नाही. हे सगळ्यांना माहीत होतं. पंचविशीतला मर्चंट कोलंबिया कंपनीकडे गेला आणि म्हणाला त्याचा सारांश असा, की तुमचे जे रुपये भारतात अडकलेत ते मला द्या, त्या बदल्यात मी तुम्हाला जगभर दाखवता येईल असा चित्रपट देतो. कंपनीच्या दृष्टीनं अडकलेला पैसा सुटला, मर्चंटांच्या दृष्टीनं चित्रपट जगात गेला, आणि सरकारच्या दृष्टीनं परकीय चलन देशाबाहेर गेलं नाही. तिघांचंही समाधान एका व्यवहारात! हा माणूस श्रीमंत नव्हता. पैसा कुठे अडकून पडला आहे एवढं त्याला ठाऊक होतं. पुढे १९६९ सालचा ‘द गुरू’ त्यांनी ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सच्या अशाच अडकलेल्या रुपयांवर केला.

‘द हाउसहोल्डर’च्या विक्रीतून आलेलं थोडकं भांडवल घेऊन ते १९६५च्या ‘शेक्सपियरवाला’कडे वळले. रंगीत फिल्म परवडत नव्हती, म्हणून चित्रपट कृष्णधवल केला. भारतभर शेक्सपियरची नाटकं घेऊन हिंडणाऱ्या केंडल कुटुंबाचीच कथा, त्यांनाच भूमिका, संगीत सत्यजित राय यांचं. बर्लिनला मधुर जाफरींना उत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. पैशाची चणचण होती, पण कुठला प्रसंग ठेवायचा आणि कुठला गाळायचा हे सांगायला बाहेरचं कोणी नव्हतं. हे ध्यानात ठेवा, कारण पुढे नेमकं उलट घडलं.

१९७५ साली ‘द वाइल्ड पार्टी’ हा चित्रपट आला. नाव असलेली नटी, हॉलिवूडची पार्श्वभूमी आणि एकच मोठा पैसा लावणारा वितरक. चित्रपट पुरा झाल्यावर त्या वितरकानं तो दिग्दर्शकाच्या मनाविरुद्ध पुन्हा कापला आणि आपल्याला हवा तसा जोडून दाखवला. सगळा पैसा एकाच खिशातून आला असेल तर शेवटचा शब्द कोणाचा राहणार? सत्तरच्या दशकातले मर्चंटांचे बाकीचे बरेचसे चित्रपटही चालायला जड गेले. पण माझं मत असं आहे, की ‘द वाइल्ड पार्टी’च्या त्या फटक्यातून निर्माता म्हणून त्यांची रीत पक्की झाली. एकाकडून सगळं घ्यायचं नाही. सार्वजनिक गणपतीच्या वर्गणीसारखं घराघरांतून थोडं थोडं घ्यायचं, म्हणजे मूर्ती कशी असावी हे कोणी एक घर ठरवू शकत नाही.

या रीतीचं सर्वांत देखणं फळ म्हणजे ‘अ रूम विथ अ व्ह्यू’. ई. एम. फॉर्स्टर यांची १९०८ सालची कादंबरी. इटलीत फिरायला गेलेली इंग्रज मुलगी, तिचा गोंधळ आणि तिचं प्रेम. १९८५ साली असल्या विषयावर पैसे लावा म्हणून सांगायला जाणं म्हणजे धाडसच. मर्चंटांनी ब्रिटनमधल्या गोल्डक्रेस्टकडून काही घेतले, चॅनल फोर या दूरचित्रवाहिनीकडून काही, तिथल्या सरकारी चित्रपट-वित्त महामंडळाकडून काही, आणि अमेरिकेतल्या सिनेकॉम या छोट्या वितरकाकडून उरलेले. एकूण खर्च सुमारे ३० लाख डॉलर. हॉलिवूडच्या हिशेबात तो अगदीच किरकोळ. प्रत्येक भागीदाराचं हित वेगळं. वाहिनीला दाखवायला चांगला चित्रपट हवा, वितरकाला अमेरिकेचे हक्क हवेत, महामंडळाला ब्रिटिश चित्रपट हवा. कोणाकडेही एवढा हिस्सा नाही की तो संकलनाच्या खोलीत येऊन बसेल.

आणि चित्रपट तयार झाल्यावर? आपल्याकडे बहुतेक निर्माते इथे दमतात. मर्चंटांचं अर्धं काम इथे सुरू व्हायचं. १९८६ साली हा चित्रपट न्यूयॉर्कच्या पॅरिस थिएटरात लागला आणि तिथे जवळजवळ वर्षभर मुक्काम ठोकून राहिला. शेकडो पडद्यांवर एका शुक्रवारी उधळून द्यायचा आणि सोमवारी आशा सोडायची, असं त्यांनी केलं नाही. थोडी थिएटरं, योग्य थिएटरं, आणि तोंडोतोंडी बातमी पसरायला वेळ. आठ नामांकनं, तीन ऑस्कर, आणि एकट्या अमेरिकेत २ कोटी डॉलरहून जास्त धंदा. आज मराठी चित्रपटाला दुसरा आठवडा मिळत नाही म्हणून आपण हळहळतो. शो पहाटेचे किंवा दुपारचे मिळतात, प्रेक्षकाला कळेपर्यंत चित्रपट उतरलेला असतो. ही तक्रार खरी आहे. तिच्यावरचा उपायही निर्मात्याच्याच कामाचा भाग आहे, हे मात्र आपण विसरतो.

यश आलं, आता काय करायचं? कोणीही सल्लागार म्हणाला असता, पुढचा चित्रपट मोठा करा. या जोडीनं फॉर्स्टरचीच, पण त्यांच्या मृत्यूनंतर १९७१ साली छापली गेलेली ‘मॉरिस’ ही कादंबरी घेतली. दोन पुरुषांच्या प्रेमाची आणि शेवट सुखाचा असलेली. वर्ष १९८७. एड्सच्या भीतीनं पाश्चात्त्य समाज हादरलेला आणि समलिंगी माणसांकडे संशयानं बघणारा. तशा वेळी हा चित्रपट काढणं हे स्वातंत्र्याचं चीज करणं होतं. मुठीत धरून बसण्यासाठी त्यांनी ते कमावलं नव्हतं. त्याआधीही आपल्या मुंबईत पवनपूलच्या वस्तीतल्या गाणाऱ्या-नाचणाऱ्या बायकांवर मर्चंटांनी स्वतः माहितीपट दिग्दर्शित केला होता. पुढे मावळत चाललेल्या उर्दू शायरीवर भोपाळमध्ये ‘मुहाफिज’ केला, त्यात शशी कपूर, ओम पुरी, शबाना आझमी. या चित्रपटांतून कोणाचं घर भरणार होतं? तरी ते झाले. ‘हॉवर्ड्स एंड’ला पैसा लावणाऱ्यांत जपानी कंपन्या होत्या आणि त्याला तीन ऑस्कर मिळाले, हे सांगतो आणि पुढे जातो, कारण पुरस्कारांची यादी तुम्हाला कुठेही मिळेल.

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर हे व्याख्यान आरती होईल, आणि तसं झालेलं मला नको आहे. मर्चंट यांच्या चित्रपटांत माणसांना कमी पैसे मिळत, आणि कित्येकदा उशिरा मिळत. ‘हीट अँड डस्ट’च्या वेळी हैदराबादला चित्रीकरण चालू असताना पैसे संपले. युनिटमध्ये नाराजी असे. मग मर्चंट स्वतः स्वयंपाकघरात शिरत, डाळ-भात, कोंबडी असं सगळ्यांसाठी रांधत आणि माणसं पुन्हा कामाला लागत. त्यांच्या स्वयंपाकाच्या कथा इतक्या प्रसिद्ध झाल्या की त्यांनी पाककृतींची पुस्तकंही काढली. लोक या कथा कौतुकानं सांगतात. मला त्यातलं प्रेम खरं वाटतं, त्यांच्या हातचं जेवलेली माणसं वर्षानुवर्षं परत येत राहिली हेही खरं. पण एक प्रश्न विचारायलाच हवा. नावाजलेला नट आपल्या मानधनातला निम्मा भाग चांगल्या भूमिकेसाठी सोडू शकतो. दिवे उचलणारा माणूस आपल्या रोजातले किती पैसे सोडू शकतो? कलेच्या नावाखाली स्पॉटबॉयचे पैसे थकवणारे निर्माते आपल्याही चित्रपटसृष्टीत आहेत आणि त्यातले बरेच जण स्वतःला स्वतंत्र म्हणवून घेतात. पैसा लावणाऱ्यापासून मिळालेलं स्वातंत्र्य मजुराच्या घामातून वसूल करायचं नसतं. मर्चंटांकडून ही एक गोष्ट शिकू नये असं मी स्पष्ट सांगतो.

हे सगळं ऐकताना तुमच्या मनात एक नाव आलं असेल. नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद उर्फ दादासाहेब फाळके. पहिला चित्रपट काढायला भांडवल हवं होतं तेव्हा दादासाहेबांनी काय केलं? वाटाण्याचा दाणा कुंडीत लावला आणि त्याला कोंब फुटून वेल वर चढेपर्यंत रोज थोडी थोडी चित्रफीत घेतली. पडद्यावर काही क्षणांत रोप वाढताना पाहून पैसे देणाऱ्याचा विश्वास बसला. पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले. १९१३ साली गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. इथवरची कथा आपण शाळेत शिकतो. पुढची शिकवत नाहीत. १९१८ साली भांडवलदार भागीदारांबरोबर ‘हिंदुस्थान फिल्म कंपनी’ निघाली आणि दीड-दोन वर्षांतच मतभेदांना कंटाळून दादासाहेब सगळं सोडून काशीला निघून गेले. तिथे नाटक लिहिलं, काही काळानं परत आले, पण ती पूर्वीची सत्ता हाती राहिली नाही. ‘द वाइल्ड पार्टी’चीच गोष्ट, आपल्या मातीतली आणि तिच्या अर्धशतकापूर्वीची.

आणि अगदी अलीकडचं उदाहरण हवं असेल तर ‘कोर्ट’ आहे. चैतन्य ताम्हाणे हा तरुण दिग्दर्शक पटकथा लिहीत होता. विवेक गोंबर या नटानं त्याला निश्चिंतपणे लिहिता यावं म्हणून दरमहा ठरावीक रक्कम दिली, मग चित्रपटाची निर्मितीही केली आणि त्यात भूमिकाही केली. २०१४ साली व्हेनिसला पुरस्कार, मग सुवर्णकमळ. पुढे ‘द डिसायपल’ही त्यांनीच केला. चित्रपटाआधीचा काळ कोणी तरी विकत घेऊन कलावंताच्या हाती द्यावा लागतो. गोंबरांनी ते केलं. मराठीत हे करणारे अजून किती जण आपल्याला सांगता येतील?

शेवटचा मुद्दा हक्कांचा आणि निगेटिव्हचा. मर्चंट यांच्या कंपनीनं आपल्या अनेक चित्रपटांचे हक्क स्वतःकडे ठेवले. त्यामुळे ते २००५च्या मे महिन्यात गेल्यानंतरही हे चित्रपट एकत्र राहिले. दहा वर्षांनी कोहेन मीडिया ग्रुपनं तो सगळा संग्रह घेतला, चित्रपटांची डागडुजी केली, आणि आज नव्या पिढीला ते स्वच्छ पाहायला मिळतात. चित्रपट जपण्याचं हे काम मर्चंटांनी दुसऱ्यासाठीही केलं. १९९२ साली सत्यजित राय यांना सन्माननीय ऑस्कर द्यायचं ठरलं, तेव्हा त्यांच्या चित्रपटांच्या प्रिंट किती खराब झाल्या आहेत ते उघड झालं. मर्चंट-आयव्हरी प्रतिष्ठान ऑस्कर देणाऱ्या अकादमीबरोबर कामाला लागलं. मध्येच, १९९३ साली, लंडनच्या प्रयोगशाळेला आग लागून निगेटिव्ह जळाल्या. तरी काम थांबलं नाही. १९९५ साली रायबाबूंचे नऊ चित्रपट अमेरिकेच्या थिएटरांत पुन्हा लागले. ‘द हाउसहोल्डर’च्या संकलनाला राय यांनी केलेली मदत बत्तीस वर्षांनी अशी फेडली गेली.

आपल्याकडे काय चित्र आहे? ‘राजा हरिश्चंद्र’ आज अखंड उपलब्ध नाही. कित्येक मराठी निर्मात्यांनी अडचणीच्या काळात निगेटिव्हसकट सगळे हक्क विकून टाकले, काहींच्या प्रयोगशाळेची बिलं थकली आणि रिळं तिथेच कुजली. चित्रपट गेले, तसे त्यामागचे कागदही गेले. कोणी कोणाकडून किती व्याजानं पैसे घेतले, कुठल्या जिल्ह्याचे हक्क कितीला विकले, तंबू थिएटरवाल्यांशी काय ठरलं, या गोष्टी कुठे नोंदलेल्या आहेत? दिग्दर्शकाचा इतिहास चित्रपटात सापडतो. निर्मात्याचा इतिहास फक्त या कागदांत असतो.

म्हणून या सभागृहातल्या श्रोत्यांना माझी एक विनंती आहे. तुमच्यापैकी कोणाचे आजोबा, काका, मामा चित्रपट व्यवसायात असतील, कोणाच्या घरी माळ्यावर जुन्या ट्रंकेत चित्रपटाच्या खर्चाच्या वह्या, करारपत्रं, वितरकांची पत्रं, पोस्टरं, गाण्यांच्या पुस्तिका पडून असतील. रद्दीत देऊ नका. पुण्याला विधी महाविद्यालय रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ साली स्थापन झालेलं. तिथे नेऊन दाखवा. दिवाळीची साफसफाई करताना ती ट्रंक आधी उघडा आणि मग ठरवा.